बिनसाखळीची दांडी

पळस फुलायला लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत दरवर्षी एक गोष्ट घडते. जुन्या झाडांच्या ढोलीत पोपटांची पिल्लं असतात आणि त्या ढोलीपर्यंत कुणाचे तरी हात पोचतात. मग आठवडी बाजारात, बसस्टँडच्या बाजूला, कधी थेट दारात टोपलीत झाकून आणलेली पिल्लं दिसतात. अंगावर धड पिसंही नसतात. तुमचं लेकरू ती टोपली बघतं आणि संध्याकाळभर तुमच्या मागे लागतं. आई, एक घेऊ ना. बाबा, मी सांभाळीन ना त्याला.

आईबाबांनो, त्या हट्टात खोटं काही नसतं. मुक्या जिवाला जवळ घ्यावंसं वाटणं ही मुलांची फार चांगली ओढ आहे. ‘आधी अभ्यास कर’ म्हणून ती मोडून टाकू नका. पण ती त्या टोपलीपर्यंतही नेऊ नका. घरात पक्षी आणायचा का, कोणता आणायचा, हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा आणि लेकराला म्हणा, ‘आधी आपण त्याच्या बसण्या-खेळण्याचा स्टँड बनवू.’ लाकडाचा, घरी, आपल्या हातांनी. घरात पक्षी नसतानाच.

हे मी का सांगते आहे? दुकानातून पक्षी आणायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात मूल पक्ष्याचा रंग बघतं, बाकी काही बघत नाही. स्टँड बनवायला बसलं की मात्र पावलोपावली पक्ष्याचाच विचार करावा लागतो. त्याचा पाय केवढा? त्याची चोच लाकडाचं काय करते? तो घाबरला तर उडून कुठे आदळेल? उन्हाळ्यात आपण पंख्याखाली असू तेव्हा तो कुठे असेल? ही उत्तरं शोधताना तुमचंही घर तुम्हाला नव्याने दिसतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मुलाची ओढ टिकली आहे की विरली आहे, तेही कळतं. विरली असेल तर एका जिवाचे हाल वाचले.

पण त्याआधी रानातल्या पोपटाचं स्पष्ट बोलू. आपल्याकडचा कोणताही पोपट घरात ठेवता येत नाही. लाल चोचीचा, नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेला नेहमीचा मिठू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट, नराचं डोकं जांभळट-गुलाबी असतं तो छोटा पोपट, सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून बंदी आहे. 2022 मध्ये कायदा दुरुस्त झाला, तेव्हा दंडाची मर्यादा 25 हजारांवरून एक लाखावर गेली, आणि शिक्षा तुरुंगवासाचीही होऊ शकते. पिंजरा चांदीचा असला, घरातली माणसं पक्ष्यावर जीव ओवाळून टाकणारी असली, तरी कायद्याच्या लेखी काही फरक पडत नाही.

लेकराला मात्र नुसता कायदा सांगून भागत नाही. लेकराला ढोली सांगा. पोपटाची चोच टणक बिया फोडते, पण उभ्या झाडाचं खोड पोखरून नवं घर करणं हे सहसा त्याचं काम नव्हे. सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने कोरून सोडलेलं भोक, नाहीतर फांदी कुजून पडलेली पोकळी तो शोधतो आणि चोचीने थोडी रुंद करून घेतो. अशी पोकळी कोवळ्या झाडात नसते, झाड जुनं व्हावं लागतं. मादी साधारण तीन ते पाच अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्लं निघतात आणि पुढे सहा-सात आठवडे ढोलीतच वाढतात. पिल्लं काढणारा माणूस हात घालायला ढोलीचं तोंड कुऱ्हाडीने फाडतो किंवा फांदीच तोडतो. त्या वर्षीची पिल्लं तर गेलीच, शिवाय पुढच्या वर्षी तिथे पोपट, साळुंकी, पिंगळा, कुणालाच घर उरत नाही. मूल हे फार पटकन समजून घेतं, कारण घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं. जमलं तर दुर्बीण घेऊन एखादी ढोली लांबून दाखवा. पोपट जुन्या भिंतींतल्या भोकांतही घरटं करतो, तेव्हा चंद्रपूरकरांनो, जटपुरा दरवाजावरून जाताना परकोटाच्या भिंतीकडेही मुलाला नजर टाकू द्या.

यावर हुशार मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. हेमलकशाला प्रकाश आमटे बिबटे सांभाळतात, मग आपण एक पोपट का नाही? प्रश्न चांगला आहे, त्याला नीट उत्तर द्या. बाबा आमट्यांनी 1973 मध्ये भामरागडच्या रानात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे प्रकाशभाऊंना एकदा शिकार करून परतणारी माडिया माणसं भेटली. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं, आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. तिथे येणारे जीव आधीच पोरके किंवा जखमी झालेले असतात. आपण बाजारातून पिल्लू विकत घेतो तेव्हा उलटं होतं. आपले पैसे मिळणार म्हणूनच कुणीतरी पुढच्या वर्षी झाडावर चढतं, आणि पिल्लू पोरकं होतं.

मग घरात कोणता पक्षी चालेल? बजरीगर आणि कॉकाटील. दोघंही पोपटांच्याच जातीचे, पण मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने 1840 मध्ये बजरीगर इंग्लंडला नेले, आणि तेव्हापासून माणसाच्या घरात त्यांच्या कितीतरी पिढ्या जन्मल्या. आपल्याकडे अनेक दुकानांत बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणून विकतात, तेवढं लक्षात ठेवा. आफ्रिकन ग्रे, मकाऊ, काकाकुवा अशा मोठ्या परदेशी पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. 2024 च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. बजरीगर आणि कॉकाटील त्या यादीत येत नाहीत. पहिलटकर घराने मोठ्या पक्ष्यांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे. त्यांचा आवाज, त्यांची चोच आणि त्यांचं एकटेपण, तिन्ही सांभाळणं आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरांना झेपत नाही.

आयुष्याचा हिशोबही आत्ताच मांडा. बजरीगर पाच ते दहा वर्षं जगतो. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं. पाचवीतल्या मुलाने हट्टाने आणलेला कॉकाटील ते मूल नागपूर-पुण्याला शिकायला जाईल तेव्हा भर तारुण्यात असेल. म्हणजे पक्षी मुलाच्या नावाने आला तरी तो तुमचा आहे. हे तुम्हा दोघांना मनापासून मान्य असेल तरच पुढे चला. आणि या पक्ष्यांना थव्याची सवय असते, त्यामुळे एकटा ठेवण्यापेक्षा जोडी बरी.

आता स्टँडकडे वळू. तिथे तुमचा आणि लेकराचा वेळ खरा जायचा आहे.

पोपटाला बसायला दांडी देणं हे आपल्याकडे फार जुनं आहे, आणि पोपट धरायलाही दांडीच वापरत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टांत येतो. दांडीवर एक पोकळ नळी ओवलेली असते. पोपट येऊन बसला की त्याच्या वजनाने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. नळी सोडली की तो सहज उडून जाईल, पण भीतीने तो ती आणखी घट्ट आवळतो, आणि पारधी येऊन त्याला उचलून नेतो. माउलींनी तो दृष्टांत माणसासाठी दिला. आपण स्टँड बनवताना तो पक्ष्याच्या बाजूने आठवू या. आपली दांडी फिरणार नाही, डुगडुगणार नाही आणि पक्ष्याच्या पायात साखळी नसेल. तो मनाने येऊन बसेल, मनाने उठून जाईल. साखळीने पाय मोडतो, बोटं सुजतात, आणि घाबरून उडालेला पक्षी उलटा लटकून दमतो. बाजारात कडी-साखळीसकट मिळणारे लोखंडी स्टँड म्हणूनच आणू नका.

लाकूड कोणतं घ्यायचं? आपण सागाच्या मुलखात राहतो. आलापल्लीच्या सागाची ख्याती दूरवर आहे. 2023 मध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, त्याची मिरवणूक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यामुळे मनात पहिल्यांदा सागच येतो. स्टँडच्या बुडाला सागाचा जुना तुकडा उत्तमच. जड असतो, वाकत नाही. दांडीसाठी मात्र सुताराने रंधून गुळगुळीत केलेला साग नको. आणि साग घासताना निघणाऱ्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, नाक चोंदतं, म्हणून घासायचं काम मोठ्यांनी करावं, तोंडाला रुमाल बांधून.

दांडीला पाहिजे जिवंत झाडाची खडबडीत फांदी, सालीसकट. त्याचं कारण पोपटाच्या पायात आहे. त्याची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. दिवसाचे बहुतेक तास तो त्याच पायांवर उभा असतो, झोपतोही उभ्यानेच. सगळीकडे एकाच जाडीची, गुळगुळीत काठी मिळाली तर तळव्याच्या त्याच जागेवर सतत भार पडतो. तिथे आधी लाली येते, मग जखम होते. फांदी कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वाकडी असते, त्यामुळे भार फिरता राहतो. मुलाला आपल्याच हाताची मूठ एखाद्या काठीभोवती वळवून बघायला सांगा. बोटांनी दांडीला बरंचसं वेढावं, पण नखं एकमेकांवर चढू नयेत. बजरीगरला 1 ते दीड सेंटिमीटर जाडी पुरते, कॉकाटीलला दीड ते अडीच. फांदी निवडताना मुलाच्या हातात फूटपट्टी द्या. गणितातलं मोजमाप इथे कामाला येतं.

पेरू, कडुनिंब, जांभूळ, बोर या फांद्या चालतात. बोरीचे काटे नीट काढून घ्या. फांदी अंगणातली किंवा शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या परसातली घ्या. राखीव जंगलातून तोडून आणू नका. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, तेव्हाही चांगला माल मिळतो. कण्हेर, रुई, बेशरम आणि चाफा टाळा. त्यांचा चीक किंवा पाला विषारी असतो आणि पोपट साल सोलून चघळल्याशिवाय राहत नाही. बिब्ब्याबद्दल तर आपल्या भागात सांगायलाच नको, माणसाचीही कातडी उतते. आणखी एक गोष्ट राजुरा, कोरपना, वरोरा या पट्ट्यातल्या पालकांसाठी. शेतात पऱ्हाटीचा ढीग पडलेला असतो आणि मुलं ती सहज उचलून आणतात. पऱ्हाटीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. ती स्टँडला लावू नका.

बांबू आपल्याकडे भरपूर, म्हणून मुलांना त्याचाच स्टँड करावासा वाटेल. बांबूची शिडी छान होते, झुला छान होतो. बसायची मुख्य दांडी मात्र बांबूची नको, कारण त्याची पाठ घसरडी असते. करायचीच तर तिच्यावर करवतीने उथळ रेघा मारा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. फर्निचरसाठी विकला जाणारा बांबू किडू नये म्हणून बऱ्याचदा रसायनांत भिजवलेला असतो. माणसाला बसायला तो ठीक, पण चावणाऱ्या पक्ष्याला धोक्याचा. गावातल्या बुरूड दादांकडे जा, सूप-टोपल्या विणून उरलेले साध्या बांबूचे तुकडे मागा, आणि जमलं तर मुलाला तासभर तिथे बसवा. बांबू कसा चिरतात, कांबी कशी काढतात, हे बघणं कुठल्याही शिबिरापेक्षा कमी नाही. आपल्या जिल्ह्यांत हे कौशल्य अजून जिवंत आहे. मुलांना ते परक्यासारखं वाटू नये, अशी माझी फार इच्छा आहे.

आणलेली फांदी घासणीने गरम पाण्यात स्वच्छ धुवा. साबण लावलाच तर सगळा निघून जाईपर्यंत पाणी घाला. मग उन्हात वाळवा. एप्रिलचं आपलं ऊन असेल तर बारीक फांदीला फार दिवस लागत नाहीत. ओलं लाकूड जोडू नका, कारण ते वाळताना आकसतं आणि आज घट्ट बसलेली खुंटी पंधरा दिवसांत हलायला लागते. ‘आजच जोडू ना’ म्हणणाऱ्या मुलाला हे थांबणं जड जातं. त्या दिवसांत त्याला स्टँडचं चित्र काढू द्या. चित्रात एक दांडी दुसरीच्या बरोबर वर आली असेल तर विचारा, वरचा पक्षी शिटला तर खालच्याच्या वाटीत काय पडेल? ते हसेल आणि दांडी सरकवेल.

बुडासाठी जड लाकडाचा, दीड फूट चौरस पाट घ्या. घरातला जुना रंगवलेला पाट घेऊ नका. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत खाली आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही आणि शिसं पक्ष्याला मारतं. नव्या स्टँडलाही रंग, वार्निश, पॉलिश काही लावू नका. प्लायवूडही नको, त्याच्या थरांत रासायनिक डिंक असतो.

पाटाच्या मधोमध मनगटाएवढ्या जाडीची, दोन फूट उंचीची फांदी उभी करा. खालून दोन स्क्रू लावा, म्हणजे ती फिरणार नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि तारा पक्ष्याने चाटल्या-चावल्या तर विषबाधा होते. उभ्या फांदीला वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या दिशांना गिरमिटाने तीन भोकं पाडा आणि दांड्या ठोकून बसवा. गिरमिट हाताचं असलं तर दहा-अकरा वर्षांचं मूल ते फिरवू शकतं, तुम्ही फांदी घट्ट धरा. करवत तुमच्या हातात, आणि सांध्यांवर काचपेपर मारणं धाकट्याकडे. सांध्यात सुताराचा पांढरा गोंद लावलाच तर तो आतच राहील, बाहेर ओघळणार नाही असं बघा आणि पूर्ण वाळू द्या. सगळं झालं की पाट एका बाजूने उचलून सोडा. स्टँड डुलून पुन्हा जागेवर आला पाहिजे. कलंडला तर उंची कमी करा किंवा पाट मोठा घ्या. जो स्टँड एकदा पक्ष्यासकट पडला, त्यावर तो पक्षी पुन्हा सहज बसत नाही.

खाण्याची आणि पाण्याची अशा दोन स्टीलच्या वाट्या बसवा. खेळणी दुकानातून आणायची गरज नाही. करवंटीला भोक पाडून टांगा, मक्याच्या कणसाची वाळकी पानं अडकवा, ज्वारीचं किंवा राळ्याचं कणीस आडवं बांधा. राळा बजरीगरच्या फार आवडीचा. बांधायला सुतळी वापरलीत तर अगदी आखूड ठेवा आणि फास राहू देऊ नका. सुटलेल्या धाग्यात नख अडकतं, आणि घाबरलेला पक्षी ओढून ओढून बोट तोडून घेतो. पोपटाने दांडी कुरतडली, साल सोलली, करवंटी फोडली तर मुलाला वाईट वाटू देऊ नका. स्टँड त्यासाठीच आहे. काही महिन्यांनी दांडी बदलावी लागेल, तेव्हा पुन्हा एक रविवार मिळेल.

आता जागा. इथे मी जरा आग्रहाने बोलते, कारण बहुतेक अपघात इथे होतात. छताचा पंखा चालू असताना पक्षी मोकळा सोडायचा नाही. कधीच नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी पंखा बंद ठेवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून उन्हाळ्यात स्टँडची वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. उरलेला दिवस पक्षी आपल्या ऐसपैस पिंजऱ्यात, सावलीत. कूलर असलेल्या खोलीत ठेवला तरी झोताच्या समोर नको. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकत असेल तर त्याला उकाडा सोसवत नाही आहे. लगेच गार जागी न्या, पाणी द्या. हे लक्षण मुलाला तोंडपाठ असू द्या.

स्वयंपाकघरात स्टँड नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. कासवछाप अगरबत्ती, धूप, बिडी-सिगारेट यांचा धूरही लांब ठेवा. घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या खाणकामगार घरांना हे लवकर पटेल. विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत असत, तेही 1986 पर्यंत. पक्ष्याची फुप्फुसं हवेतलं भलंबुरं आपल्या कितीतरी आधी टिपतात. घरात कुणाला दमा असेल तर पक्षी आणण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण पिसांच्या बारीक भुकटीने त्रास वाढू शकतो. स्टँड साफ केल्यावर साबणाने हात धुणं हा नियम मोठ्यांनाही लागू.

सगळं जुळलं आणि जोडी घरी आली, तर सुरुवातीचे काही दिवस तिला पिंजऱ्यातच स्थिरावू द्या. मग दारं-खिडक्या लावून पिंजऱ्याचं दार उघडा, स्टँड समोर ठेवा, वरच्या दांडीला राळ्याचं कणीस बांधा आणि मुलाला शेजारी पुस्तक घेऊन बसवा. पकडायचं नाही, ढकलायचं नाही. पहिल्या दिवशी पक्षी बाहेर येणारच नाही कदाचित. दुसऱ्याही दिवशी नाही. मुलाचा धीर सुटला की तुमची परीक्षा असते, कारण हात घालून त्याला दांडीवर ठेवायचा मोह तुम्हालाच होईल. तो आवरा. ज्या दिवशी तो आपणहून दांडीवर येईल, त्या दिवशी तुमच्या लेकराला जो आनंद होईल तो विकत मिळत नाही. पंख कापून पक्षी लवकर माणसाळतो असं कुणी सांगेल. ऐकू नका.

खाण्याबद्दल थोडकंच सांगते. चहात बुडवलेलं बिस्किट, चिवडा, चॉकलेट, मीठ घातलेलं काहीही नको. अव्होकाडो तर पक्ष्यांना विषच. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून पोपट ती मजेत खातो, पण नुसत्या मिरची-बियांवर ठेवलेला पक्षी आतून खंगतो. पालक, गाजर, शेवग्याचा पाला रोज थोडा द्या.

आणि महिना संपल्यावर तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत की पक्षी आणायचा नाही? दोघंही नोकरीवर, घर दिवसभर बंद, बाळाला दमा, कारणं काहीही असोत. मग तो स्टँड अंगणात किंवा गच्चीच्या कठड्याजवळ ठेवा. मांजर खालून चढणार नाही अशा उंचीवर, सावलीला. वाटीच्या जागी मातीचं उथळ भांडं बसवा. पाणी रोज ओतून नवं भरा. गडचिरोलीत हिवतापाचा त्रास आपण पिढ्यान् पिढ्या सोसतो आहोत, साचलेलं पाणी अंगणात राहता कामा नये. बुलबुल येतील, साळुंक्या येतील, चिमण्या येतील. कधी पेरूच्या फोडीसाठी रानातला मिठूही येऊन टेकेल आणि खाऊन जाईल. मुलाच्या हातात वही द्या. कोण आलं, किती वाजता, काय खाल्लं, हे त्याला लिहू द्या.

आता एक अवघड गोष्ट उरली. अनेक घरांत, विशेषतः आजोळी, जुना मिठू आधीपासून आहे. दहा-पंधरा वर्षांचा, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणणारा. तुमचं मूल आता शहाणं झालंय, ते आजीला सरळ म्हणेल, हे बेकायदा आहे. आजीला गुन्हेगार ठरवू नका. तिच्या काळी घरोघरी पोपट होता आणि तिने त्याला घास भरवून जगवलंय. पण मुलाचं म्हणणंही दडपू नका. पिंजरा उघडून त्याला सोडून देणं हा उपाय नव्हे. जन्मभर वाटीत खाल्लेला पक्षी रानात अन्न शोधू शकत नाही, शिकाऱ्यापासून पळू शकत नाही, काही दिवसांतच मरतो. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून जा. चंद्रपुरात वन्यप्राण्यांसाठी वन विभागाचं उपचार केंद्रही आहे. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. आजीसोबत तुम्ही स्वतः जा, तिला एकटीला पाठवू नका. आणि तोवर त्या पिंजऱ्यातली जुनी लोखंडी सळई काढून तिथे पेरूची खडबडीत फांदी बसवा. कशी निवडायची, कशी धुवायची, हे तुमच्या लेकराला आता येतं. ते आजीला दाखवेल.